झिपोरा मावशीचा नामंजूर निबंध

विद्वान माणसांना बसायला खुर्ची, प्यायला कॉफी आणि बोलायला वेळ, एवढंच लागतं अशी माझी समजूत होती. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आमच्या चर्चमध्ये मुबलक आहेत. तिसरीपायी माझी जी शोभा झाली, ती सांगतो.

आमचं वॉल्टन्स फेरी हे गाव इलिनॉयमध्ये, म्हणजे लिंकनच्या मुलखात. इथे ज्या घरात लिंकन उतरला नाही, त्या घराचे मालकही 'आमच्याकडे लिंकन उतरला नव्हता' असं मानाने सांगतात. दर फेब्रुवारीत त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास गावच्या वाचनालयात विद्वान जमतात आणि यादवी युद्धातलं त्याचं नेतृत्व आणि त्याचा वारसा यावर दिवसभर बोलतात. वर्षानुवर्षं बोलताहेत. माणूस एकच, युद्धही एकच, पण विषय संपत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. आमचे पास्टर गेन्सही जन्मभर एकाच पुस्तकावर बोलत आलेत, आणि अजून मला दर रविवारी वाटतं की आज लवकर संपवलं.

यंदा ऐन थंडीत वाचनालय गरम ठेवणारा बॉयलर बसला. पास्टर चर्चच्या बैठकीत म्हणाले, "पाहुण्यांना आपलं सभागृह देऊ या. व्यवस्था कोण बघेल?" मी डीकन आहे, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचा चर्चचा कारभारी. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे बघण्यासारखं फारसं काही नसतं. मी हात वर केला. माझी बायको अर्लीन शेजारी बसली होती. तिने त्या हाताकडे असं पाहिलं, की तो आपल्या घरचा नव्हेच.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी झिपोरा मावशीकडे गेलो.

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी बहीण, नव्वदी ओलांडलेली. आमचं चर्च जुन्या गुलामांच्या वंशजांचं. तिथे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे तो निघाला त्याच तारखेला, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा उभ्याने वाचायची प्रथा आहे. आधी माझी आजी वाचायची, तिच्यामागून मावशी वाचते. वाचते म्हणजे काय, गाते. तसा तो सरकारी कागद. 'ज्याअर्थी'ने सुरू होतो आणि कलमाकलमाने पुढे जातो. पण मावशी ते 'ज्याअर्थी' असं काही उचलते, की मागच्या बाकावरची पेंगणारी माणसंही उठून ताठ उभी राहतात. मग ती बोलण्यातून चालीत शिरते, चालीतून ठेक्यात, आणि 'आजपासून मुक्त आहेत आणि पुढेही राहतील' या ओळीवर येते तेव्हा कागद उरलेला नसतो, नुसता सूर असतो. पास्टर गेन्स स्वतः गाऊन प्रवचन करणारे, त्या जातीचे आता थोडेच उरलेत. पण एक जानेवारीला तेसुद्धा खाली उतरून उभ्याने ऐकतात.

यंदा एक जानेवारीला गोठलेला पाऊस पडला, रस्ते काचेसारखे झाले आणि चर्च बंद राहिलं. वाचन झालं नाही. माझ्या आठवणीत असं कधी घडलं नव्हतं. मावशी त्यावर काही बोलली नाही. ती बोलत नाही, ते मात्र सगळ्या नातेवाइकांना ऐकू येतं.

तिने माझ्यापुढे लोण्याच्या केकचा जाड तुकडा ठेवला आणि म्हणाली, "लॉन्झो, विद्वान येताहेत म्हणे. लिंकनवर बोलायला."

मी तोंड भरलेलं असल्याने मान हलवली.

"आपल्याच चर्चमध्ये."

पुन्हा मान हलवली.

"मग माझं वाचन त्याच दिवशी. देवाने दिवस रद्द केला नव्हता, पुढे ढकलला होता. मला वाटलंच होतं. डोळे गेलेत माझे, पण ते पाठ आहे मला, डोळ्यांचं काही अडत नाही. पुढचा जानेवारी मात्र काही माझ्या हातात नाही. तू सांगितलंयस ना त्यांना?"

तोंडात केक असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मान हलवता येते, आणि माझी मान आधीपासून उभीच हलत होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चर्चला कळलं. सिस्टर मोझेलाचा फोन आला, की परिसंवादाच्या दिवशी तिच्या सगळ्या बायका पांढऱ्या पोशाखात दारांवर उभ्या राहतील. सिस्टर मोझेला आमच्या दारांवरच्या स्वयंसेविकांची प्रमुख. पांढरे हातमोजे घालून ती मधल्या वाटेच्या तोंडाशी उभी राहते, आणि प्रार्थना किंवा वाचन चालू असताना तिने हात वर केला की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. मागे एकदा तळघरात धूर झाला, ती बातमी घेऊन मी धावत आलो, तर तिने मला स्तोत्र संपेपर्यंत दारात उभं केलं होतं. नंतर म्हणाली, "डीकनसाहेब, धूर होता. आग नव्हती."

मी डॉक्टर क्रेमरांना फोन लावला. हे विद्यापीठातले, परिसंवादाचे अध्यक्ष. आवाज लोण्यासारखा, पण टेबलावर कायम एक पितळी घंटी. वक्त्याची वेळ संपली की टिंग. त्यांनी एकदा स्वतःच्याच भाषणात स्वतःवर घंटी वाजवली होती असं सांगतात.

"एक छोटंसं वाचन ठेवायचं होतं," मी म्हणालो.

"कुणाचा निबंध?"

"लिंकनचा."

"लिंकनवरचा म्हणताय."

"नाही, लिंकनचाच. वाचणार माझी मावशी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हे पाहा, प्रत्येक वाचनाला समितीची मंजुरी लागते. नियम सगळ्यांना सारखा. आपण गोषवारा पाठवा, मी समितीपुढे ठेवतो."

फॉर्म आला. 'आपल्या मांडणीत नवीन काय आहे?' असा पहिला रकाना होता. मी चर्चचा माणूस, खोटं कसं लिहू? लिहिलं, 'नवीन काही नाही. १८६३ सालापासून एक अक्षर बदललेलं नाही आणि मावशी बदलू देणार नाही.' पुढे होतं, 'आधीच्या अभ्यासकांशी आपले मतभेद.' लिहिलं, 'मतभेद नाहीत. आजी थोडी वरच्या पट्टीत वाचायची.' 'संदर्भग्रंथ' या रकान्यात बराच विचार करून 'बायबल' लिहिलं.

उत्तर पोस्टाने आलं. समितीने प्रस्ताव काळजीपूर्वक पाहिला होता. त्यात स्वतंत्र विचार आढळत नव्हता. शिवाय सदर मजकूर अन्यत्र आधीच प्रसिद्ध झाला असावा, अशी समितीला शंका होती. सबब नामंजूर. पुढील वर्षी नव्या मांडणीसह अवश्य पाठवावा.

म्हणजे लिंकनच्या परिसंवादात लिंकन नामंजूर झाला होता. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अपमान लिंकनच्या वतीने मानून घ्यावा की मावशीच्या, हे मला ठरवता येईना. शेवटी स्वतःच्याच वतीने मानला, कारण पत्रावर नाव माझं होतं.

अशा वेळी माणसाने शेजाऱ्याकडे जाऊ नये. पण क्लीटस कुंपणापाशी बर्फ ओढत होता आणि माझा चेहरा त्याला दिसला. क्लीटस निवृत्त न्हावी आहे. जन्मभर लोकांची मुंडकी हातात धरून सल्ले दिल्यामुळे ऐकणारा मधेच उठून जाऊ शकतो, हे त्याला ठाऊकच नाही.

"घंटी लपव," तो म्हणाला. "घंटी नसेल तर ते लोक दिवसभर बोलतील. त्या गोंधळात मावशीला घुसव."

"चोरी सांगतोस मला? चर्चमध्ये?"

"बरं, मग माझा चुलतभाऊ बोलावू. लिंकनचं सोंग घेतो. उंच टोपी, दाढी, सगळं. तो येऊन म्हणेल, मी लिंकन, मावशीला बोलू द्या. लिंकनला कोण नाही म्हणेल?"

मी मुकाट्याने त्याच्या हातात पत्र दिलं. त्याने वाचलं आणि फावडं खाली ठेवलं.

"मग एकच उरलं," तो म्हणाला. "प्रश्न. मागच्या वर्षी मी गेलो होतो वाचनालयात, जरा ऊब घ्यायला. शेवटी प्रश्न विचारतात ही मंडळी. पण प्रश्नात प्रश्न नसतो, लॉन्झो. एक माणूस प्रश्न विचारायला उठला, तो जेवणाच्या वेळी बसला. कुणी काही म्हणालं नाही. मावशीला प्रश्न म्हणून उभी कर."

घरी आल्यावर अर्लीन म्हणाली, "मावशीला खरं सांगून टाक."

"सांगतो. योग्य वेळ आली की."

"योग्य वेळ केक तोंडात घालायच्या आधी होती."

तरी मी सांगायला गेलो. मावशी आरशापुढे नवी जांभळी टोपी घालून बसली होती. दिसत नसताना आरशापुढे का, असं विचारायची माझी छाती नव्हती. पिओरियाहून तिची भाची येणार होती. दोन केक भाजून झाले होते, तिसरा भट्टीत होता. "बस," ती म्हणाली, "लाफूशची जागा एकदा करून घेऊ."

ही लाफूशची जागा सांगायला हवी. जाहीरनाम्यात लुईझियानाचं नाव आहे, पण लिंकनने तिथले काही परगणे त्यातून वगळले. त्या परगण्यांतली गुलाम माणसं त्या दिवशी गुलामच राहिली. त्यांतला एक लाफूश. मावशीची पणजी तिथल्या उसाच्या मळ्यात गुलाम होती. म्हणून मावशी ती नावं अगदी हळू, एकेक करून घेते, आणि 'लाफूश' म्हटलं की थांबते. मग घरच्या कुणीतरी म्हणायचं, 'आम्ही आलो.' कुणी सोडलं नाही तरी आलो, उशिरा आलो, पायी आलो, पण आलो. आधी आई म्हणायची. आई गेल्यापासून ते माझ्याकडे आलंय. दोनच शब्द आहेत, पण ते कानावर पडल्याशिवाय मावशी पुढे सरकत नाही.

स्वयंपाकघरात ती 'लाफूश' म्हणून थांबली. मी म्हणालो, "आम्ही आलो." तिचा चेहरा असा उजळला, की खरं सांगायचं ते मी तसंच घेऊन घरी आलो.

परिसंवादाच्या सकाळी डॉक्टर क्रेमरांनी मला छातीवर लावायला एक बिल्ला दिला. इतरांच्या बिल्ल्यांवर त्यांची नावं आणि विद्यापीठं होती. माझ्या बिल्ल्यावर 'हीटर' लिहिलेलं होतं. व्यवस्थेत कोण काय बघतं हे पाहुण्यांना कळावं, असा त्यांचा शुद्ध हेतू होता. त्यानंतर दिवसभर मोठमोठी माणसं माझ्याशी छातीकडे बघून बोलली. ओहायोहून आलेल्या एका तरुण बाईंनी तर हात चोळत मला विचारलं, "आपण जरा वाढाल का?"

मागचे बाक भरू लागले. बायका टोप्यांत, पुरुष रविवारच्या कोटांत. डॉक्टर क्रेमर हरखून गेले. "गावाचा इतका प्रतिसाद कधीच नव्हता," ते म्हणाले. मी हीटरच्या गरम नळाला टेकलो होतो, तरी मला कापरं भरलं.

मावशी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. पहिला निबंध सुरू झाला.

आता आमच्या लोकांना गप्प बसून ऐकता येत नाही. आमच्याकडे बोलणाऱ्याला एकटं सोडणं हा उद्धटपणा समजतात. ओहायोच्या बाई लिंकन तारघरात रात्ररात्र कसा बसायचा, ते मान खाली घालून वाचत होत्या. मागून आवाज आला, "बोला, बोला." त्या दचकल्या. आणखी एक म्हातारा म्हणाला, "घाई नको, बाळ. आम्ही आहोत." बाईंनी प्रथमच मान वर केली. मग पुढचं वाक्य त्यांनी आमच्याकडे बघून म्हटलं, त्याच्या पुढचं जरा मोठ्याने, आणि मेलेल्या सैनिकांच्या याद्या तारेवरून येत राहिल्या हे सांगताना त्यांनी 'येत राहिल्या' असं दोनदा म्हटलं. निबंधात ते एकदाच असावं. आणखी थोडा अवकाश मिळता तर ती मुलगी गायली असती, अशी माझी खात्री आहे. पण टिंग.

मागचं अख्खं सभागृह हळहळलं.

"माझी पाळी?" मावशीने माझी बाही ओढली.

"पुढची, मावशी."

पुढे एक दाढीवाले विद्वान आले. त्यांचा विषयच जाहीरनामा. ते म्हणाले, या दस्तऐवजाचं राजकीय मोल कितीही असो, त्यात लय नाही, ऊब नाही. जमिनीच्या खरेदीखतासारखा कोरडा मजकूर आहे. मागे एकदम शांतता पसरली. मग सिस्टर मोझेला स्पष्ट आवाजात म्हणाली, "देवा, याला मदत कर." आमच्याकडे प्रवचनकाराची गाडी रुतली की असं म्हणतात. दाढीवाल्यांना ती दाद वाटली. त्यांनी किंचित वाकून आभार मानले.

मावशीने टोपी सरळ केली.

"आता माझी?"

"पुढची."

असं जेवणापर्यंत चाललं आणि जेवणानंतरही चाललं. तळलेल्या कोंबडीने विद्वान सैल झाले होते, पण घंटी नव्हती झाली. मागच्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. पिओरियाची भाची घड्याळ बघत होती. पास्टर गेन्सांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या, आणि मी नळाकडे बघून तो तपासल्यासारखं केलं.

मग प्रश्नोत्तरं आली. "प्रश्न थोडक्यात असावा," डॉक्टर क्रेमर म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे, तो प्रश्न असावा." क्लीटसने मागून माझ्याकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. मी हात वर केला. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. पुन्हा केला, पुन्हा दुसराच. एका गृहस्थांनी रेल्वेच्या रुळांवर असा प्रश्न काढला की डॉक्टर क्रेमर मधल्या वाटेने मागे जाऊन कॉफी आणि मावशीच्या केकचा तुकडा घेऊन परतायला निघाले, तरी रूळ संपले नव्हते. अखेर ते संपले. डॉक्टर क्रेमर तिथूनच, हातात बशी घेऊन म्हणाले, "वेळ संपलीच आहे. अगदी शेवटचा एक प्रश्न."

मी उभाच राहिलो.

"हीटरचं काही बिघडलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या मावशीला एक प्रश्न आहे."

त्यांनी टोपीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "जरूर. विचारा, आजी. थोडक्यात."

मावशी माझ्या खांद्यावर भार देऊन उठली. तिने श्वास घेतला. अख्ख्या सभागृहाला कळलं, विद्वान सोडून.

"ज्याअर्थी," मावशी म्हणाली.

मागची सगळी माणसं एकदम उभी राहिली. सगळे उभे राहताहेत म्हटल्यावर काय झालं न कळून विद्वानही उठले. डॉक्टर क्रेमरांना मात्र पहिल्या वाक्यातच कळलं असावं, कारण त्यांनी घंटीच्या दिशेने झपाझप पावलं टाकली. आणि मधल्या वाटेच्या तोंडाशी एक पांढरा हातमोजा वर गेला.

ते थांबले. आमच्या हातमोज्याची त्यांना काही माहिती असायचं कारण नव्हतं, पण सिस्टर मोझेलाचा हात वर गेला की घोडागाडीसुद्धा थांबेल. ते तिथेच उभे राहिले, एका हातात कॉफी, दुसऱ्यात केक. घंटी टेबलावर एकटी.

मावशी बोलण्यातून चालीत शिरली. दाढीवाल्यांनी चष्मा काढला. माझं कशात लक्ष नव्हतं. मी डॉक्टर क्रेमरांच्या पायाकडे बघत होतो. तो बूट वाटेवर अर्धा पुढे आला होता. तो आणखी पुढे येतो का? हातमोजा दुखू लागून खाली येतो का? शेवटपर्यंत नेऊ देतील का तिला? राज्यांची नावं येऊ लागली. टेक्सास गेलं. बूट हलला, पुन्हा थांबला. मी देवाला म्हटलं, एवढा एक बूट धरून ठेव.

आणि एकदम सगळं शांत झालं.

वाटलं, तिचा श्वास अडला. मग लक्षात आलं, की सगळे माझ्याकडे बघताहेत. मावशी आंधळे डोळे समोर लावून थांबली होती. लाफूश येऊन गेलं होतं. मी बुटाच्या नादात माझी जागा चुकलो होतो. आता घशाला अशी कोरड पडली, की दोन शब्दांपैकी एकही निघेना.

शांतता वाढत गेली. ती डॉक्टर क्रेमरांना सहन होईना. त्यांना वाटलं, हाच तो प्रश्न. ते घसा खाकरून म्हणाले, "त्याचं असं आहे आजी, की लाफूश आणि त्या बाकीच्या परगण्यांत लिंकनचं उत्तरेचं सैन्य आधीच पोहोचलेलं होतं. लिंकनचा अधिकार युद्धातला, तो बंडखोर भागापुरताच चालत होता. म्हणून ते वगळावे लागले."

मावशीने सगळं मान कलती करून ऐकून घेतलं.

"हे कारण झालं, बाळ," ती म्हणाली. "ते मला ठाऊक आहे. मी उत्तराची वाट बघतेय."

डॉक्टर क्रेमरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या माणसाची मला इतकी दया आली, की त्या दयेनेच माझा घसा सुटला.

"आम्ही आलो, मावशी."

गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला. पण मागून पिओरियाची भाची म्हणाली, "आलो." म्हातारे म्हणाले, "आलो." मग अख्खं सभागृहच म्हणालं, आणि मावशीने त्या आवाजावर पाय ठेवल्यासारखा सूर वर नेला. 'आजपासून मुक्त' ही ओळ आली तेव्हा ओहायोच्या बाई डोळे मिटून डोलत होत्या. दाढीवाल्यांचा बूट ठेका धरत होता. त्यांना स्वतःला ते माहीत नसावं. शेवटी ती सर्वशक्तिमान देवाच्या कृपेपर्यंत पोहोचली आणि आवाज खाली ठेवून माझा खांदा चाचपत बसली.

हातमोजा खाली आला. डॉक्टर क्रेमर आपल्या टेबलापाशी गेले. घंटी चुकून वाजू नये म्हणून त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. तो तसाच ठेवून म्हणाले, "परिसंवाद संपला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर समितीकडे नव्हतं." मग मावशीपाशी येऊन त्यांनी केकचा आणखी एक तुकडा मिळेल का, असं विचारलं. हातातला तसाच होता. मला वाटतं, त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचं होतं.

घरी जाताना मावशी गाडीत माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसली होती. बर्फाचा रस्ता, मी हळू चालवत होतो. मागे अर्लीन स्वतःशीच मावशीची चाल गुणगुणत होती.

"तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस ना?" मावशी म्हणाली.

मी गाडी आणखी हळू केली. "तुला कधी कळलं?"

"केक खाताना. तुझ्या आईचाही घास असाच अडायचा." तिने टोपीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाकी ठीक झालं. ती तारघरवाली मुलगी चांगली आहे, तिला गळा आहे. पण पुढच्या जानेवारीत उत्तर वेळेवर दे. मी किती वेळ उभी राहायची?"